तुम्ही विचारलंत म्हणून: देव वाट पाहायला लावतो तेव्हा करायचं काय?

हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी, पण जवळजवळ त्याच शब्दांत कानावर येतो. "वर्षानुवर्षं प्रार्थना करतोय, उत्तर नाही. सगळे सांगतात, देवावर भरवसा ठेवा, वाट पाहा. पण भरवसा ठेवायचा म्हणजे सकाळी उठून मी नेमकं काय करायचं?" कुणाचं आजारपण हटत नाही, कुणाला मूल नाही, कुणाचा मुलगा घर सोडून गेलाय, कुणाचं काम सुटलंय. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला कामाचं उत्तर द्यायला हवं. नुसता धीर देऊन भागत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. भरवसा म्हणजे मन शांत असणं, असं आपण धरून चालतो. मग मन शांत नसलं की वाटतं, आपला विश्वास संपला. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, भरवसा ठेवणारी माणसं मात्र क्वचितच शांत दिसतात. ती रडतात, हुज्जत घालतात, "कुठवर?" म्हणून विचारतात. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत, आणि ती देवाच्या लोकांनी उपासनेत म्हणायची स्तोत्रं आहेत. या माणसांचा भरवसा एवढ्यातच दिसतो की तक्रार घेऊन ती देवाच्याच दारात उभी राहतात. त्याच्या पाठीमागे कुजबुजत बसत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट: तक्रार करायला शिका. यासाठी स्तोत्र १३ घ्या. अवघ्या सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा विचारतो, "कुठवर?" तू मला विसरणार कुठवर, तोंड लपवणार कुठवर, मी मनातल्या मनात झुरत राहायचं कुठवर, शत्रू माझ्यावर वरचढ राहणार कुठवर. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणी येते: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज आण. सोबत कारणंही आहेत, नाहीतर मी मरेन आणि शत्रू आनंद करतील. पाचव्या-सहाव्या वचनांत तो म्हणतो, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, मी गाईन.

याच चार पायऱ्यांवर स्वतःचा विलाप वहीत लिहा: देवाला नावाने हाक, तक्रार, मागणी, आणि शेवटी भरवशाचं एक वाक्य. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तक्रार मोघम नको. "प्रभू, मी दुःखी आहे" एवढ्याने काही उघडं होत नाही. "प्रभू, आज तिसरी तपासणी झाली आणि निकाल पुन्हा तोच आला, मला तुझा राग आलाय" हे उघडं बोलणं. मागणीही तशीच नेमकी हवी. लिहून झालं की आवाज काढून वाचा. मनातल्या मनात वाचताना जी वाक्यं आपण गुळगुळीत करून टाकतो, ती उच्चारताना अडतात आणि तिथेच खरं रडू येतं.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुरलेल्या माणसाची. तो तक्रारीचं एक वाक्य कसंबसं लिहितो आणि लगेच "तरी तुझी इच्छा पूर्ण होवो" यावर उडी मारतो. पण मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूनेही आधी "हा प्याला माझ्यावरून टळो" असं म्हटलं, आणि तीच प्रार्थना तीनदा केली. समर्पण मागणीनंतर आलं, तिला गाळून आलं नाही. दुसरी चूक उलटी: माणूस रोज तक्रारीपाशीच थांबतो, मागणी करतच नाही. मागून न मिळण्याची भीती असते, म्हणून मागायचंच सोडून दिलेलं असतं. महिन्याभरात असा विलाप कडवटपणा होऊन बसतो. देवाकडून काही अपेक्षाच उरलेली नसते, फक्त हिशेब उरतो. वहीतली मागची पानं चाळताना मागणीची जागा सतत रिकामी दिसली, तर उद्याची प्रार्थना तिथूनच सुरू करा.

आणि भरवशाचं वाक्य मनातून येत नसेल तर? उसनं घ्या. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, यरुशलेम शहर जळून गेल्यावर लिहिलेल्या त्या ६६ वचनांत, २२व्या-२३व्या वचनाशी एकदम म्हटलं जातं की परमेश्वराची दया संपत नाही, ती रोज सकाळी नवी होते. पुढे चौथ्या आणि पाचव्या अध्यायात रडणं पुन्हा सुरूच आहे. त्या एका वाक्याने दुःख मिटलं नाही, पण दुःखाच्या मधोमध ते म्हटलं गेलं. तुम्हीही तेवढंच करा.

दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण विश्वास मोडतो तो बहुतेक इथेच. एका कागदावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला, मी देवाकडे काय मागतोय. दुसऱ्या बाजूला, देवाने मला काय अभिवचन दिलंय. मागणं कितीही योग्य असलं तरी ते अभिवचन नव्हे. विवाह, मूल, बरं होणं, कर्जातून सुटका, हे सगळं मागावं, मनापासून मागावं. पण "मी तुला सोडणार नाही, टाकणार नाही", पापांची क्षमा, पुनरुत्थान, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून काहीही वेगळं करू शकत नाही हा शब्द, ही दुसऱ्या बाजूची यादी आहे. पहिल्या बाजूचं वाक्य गुपचूप दुसऱ्या बाजूला सरकवलं, की ते न घडल्यावर देव खोटा ठरतो. जो शब्द त्याने दिलाच नव्हता, तो मोडल्याचा आरोप त्याच्यावर येतो.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९:११ चंच घ्या. तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन भिंतीवर लागतं, वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये येतं. त्याच्या आधीचं दहावं वचन सहसा कुणी लावत नाही. त्यात म्हटलंय, बाबेलात (बॅबिलोनात) ७० वर्षं पूर्ण झाल्यावर. हे वचन यिर्मयाच्या पत्रातलं आहे, आणि ते पत्र तिथे बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं होतं. ऐकणाऱ्यांतली बहुतेक मोठी माणसं घरी परतणार नव्हती, तिथेच मरणार होती. त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहिला होता. त्याने यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या गुलामीची खूण असलेलं लाकडी जू काढून मोडलं आणि लोकांसमोर सांगितलं, दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना कोण आवडलं असेल, हे सांगायला नको. पण हनन्याला परमेश्वराने पाठवलेलं नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगते: "या वर्षाअखेर तुझं काम होणार, देवाने मला दाखवलंय" असं तारखेसकट सांगणाऱ्यापासून सावध राहा. त्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. पण ती तारीख उलटून गेल्यावर माणूस देवावर रुसतो, सांगणाऱ्यावर नाही.

मग वाट पाहणं म्हणजे हात जोडून बसणं का? अजिबात नाही. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवलेला, आणि अशा वेळी तो अनाथोथ इथलं शेत विकत घेतो. तराजूत १७ शेकेल वजनाची चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर सह्या होतात, आणि मोहोरबंद प्रत व उघडी प्रत अशा दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. हे सगळं उरकल्यावर तो प्रार्थनेला लागतो, आणि त्या प्रार्थनेत गोंधळही लपवत नाही: प्रभू, नगर तर शत्रूच्या हाती जातंय आणि तू म्हणतोस शेत घे! समजलं नव्हतं, तरी करण्यासारखं जे समोर होतं ते त्याने नीट, कागदपत्रांसकट केलं. काम शोधणाऱ्याने अर्ज करत राहणं, आजाऱ्याने औषध वेळेवर घेणं, याने विश्वास उणा होत नाही.

तरी प्रत्येक हालचाल चालते असंही नाही. देवाने संततीचं अभिवचन दिलेला अब्राहाम ७५ वर्षांचा असताना घरातून निघाला. कनान देशात दहा वर्षं गेली तरी मूल झालं नाही, तेव्हा त्याची बायको सारा हिने मुलासाठी आपली दासी हागार त्याला दिली. त्या काळच्या रीतीत बसणारा उपाय होता. इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, आणि इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. आपण ही गोष्ट "घाई केली" एवढ्यावर सोडून देतो. हागारेच्या बाजूने पाहा: ती गरोदरपणी छळाला कंटाळून रानात पळाली, आणि पुढे भाकरी व पाण्याची पखाल खांद्यावर देऊन लेकरासकट तिला घालवून दिलं गेलं. आडवाट काढणाऱ्याच्या उतावळेपणाची किंमत दुसऱ्याच कुणी तरी मोजली. म्हणून एखादं पाऊल उचलताना दोन प्रश्न विचारा: याचा भार दुसऱ्या कुणावर पडतोय का? आणि हे मला लपवावं लागेल का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर देवापुढे मांडून पुढे व्हा.

याच जागी आणखी एक सांगायलाच हवं. घरात मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर "देवाची वाट पाहा, सहन करा" हा सल्ला शास्त्राचा नाही. जिवावर उठलेल्या शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद हटला आणि त्याच रात्री पळून गेला. पुढे गुहेत शौल हाती सापडला असताना त्याने त्याला मारलं नाही, झग्याचा काठ तेवढा कापला आणि त्याचंही त्याला वाईट वाटलं. पळून जीव वाचवणं आणि देवाची वाट पाहणं, दोन्ही एकाच माणसाने एकाच वेळी केलं.

शरीराचं थोडक्यात. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न होरेब डोंगरावर पोचल्यावर आला, ४० दिवसांच्या वाटचालीनंतर. लांबलेल्या संकटात झोप आणि जेवण बिघडलं की देव दूर गेल्यासारखा वाटतो. आधी ते सावरा. आठवडेच्या आठवडे उठवत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर आजच जवळच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि एकट्याने वाट पाहू नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं, आणि येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला असं लिहिलंय. स्वतःला प्रार्थना जमेना तेव्हा दोघा-तिघांना नेमकं सांगा: "मला आता प्रार्थना करवत नाही, दर बुधवारी माझ्यासाठी तुम्ही करा." मोघम "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हटलं की मोघमच आठवण राहते. तुम्ही सोबत करणारे असाल, तर सगळं गमावलेल्या इयोबाच्या मित्रांकडून पहिला आठवडा शिका. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, ते बरोबर होतं. तोंड उघडून कारणं सांगू लागले तिथे चुकले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला. "तुझा विश्वास कमी पडला" हे वाक्य कुणाही दुःखी माणसाला बोलू नका.

मागत कुठवर राहायचं, हेही विचारलं जातं. ठरलेला आकडा नाही. न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला प्रभूने दिला, तो खचून न जाता मागत राहावं म्हणूनच. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न हटणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, मग उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे," आणि त्याने काटा असतानाच काम चालू ठेवलं. दावीदाने मूल आजारी असेतोवर उपास केला. सातव्या दिवशी ते गेलं, तेव्हा तो उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, उपासना केली आणि जेवला. दार अजून उघडं आहे तोवर मागा. ते बंद झालं असेल, तर त्या बंद दारासाठी विलाप करा, आणि आता काय मागायचं हेही त्यालाच विचारा.

काही रात्री अशा येतील की भरवशाचं उसनं वाक्यही ओठांवर येणार नाही. त्या रात्रींसाठी स्तोत्र ८८ आहे. १८ वचनांचं, आणि त्यात शेवटी वळण येतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द "अंधार" असा आहे. पण पहिल्याच वचनात देवाला "माझ्या तारणाच्या देवा" अशी हाक आहे. ते वाचा, हळू, आवाज काढून. वर काही जोडू नका. पुस्तक मिटा, दिवा मालवा आणि झोपा.