मुरगळलेला घोटा: आधी हाड, मग लिगामेंट
फिजिओथेरपी शिकणाऱ्यांनो, शिवाजी पार्कातला फास्ट बॉलर असो की दादरच्या क्लासमधली कथक नर्तिका, मुरगळलेला घोटा तपासायचा क्रम तोच. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, खालचे ६ सेंमी, दाबून पाहा. मग पायाच्या करंगळीच्या मेटाटार्सलचं (बोटामागच्या लांब हाडाचं) मूळ आणि आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर (पावलाच्या कमानीतलं छोटं हाड). हाड दुखलं किंवा ४ पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे.

पाय आत वळला असेल तर बहुधा पुढचं टॅलोफिब्युलर लिगामेंट (घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला हाड जोडणारा पट्टा) दुखावतं. सूज उतरली की पेशंट गायब, आणि घोळ तिथेच! तोल सावरण्याची क्षमता अजून परतलेली नसते, म्हणून पुन्हा मुरगळतो. म्हणून तोलाचा सराव: एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, नंतर डोळे मिटून, नंतर उशीवर. घुंगरू सगळ्यात शेवटी. त्यांचं वजन आणि तत्कारातला (कथकच्या पदन्यासातला) आघात दोन्ही घोट्यावरच येतात.