ताईंच्या चाकाला लागू नको

रविवार, रात्री साडेनऊ

जेवताना ह्यांनी विचारलं, खांदा दुखतोय का. मी हो म्हटलं. खांदा अजिबात दुखत नव्हता. पण जे झालं ते सांगायला गेले असते तर ताटावरच रडू आलं असतं. आणि झालं तरी काय होतं? एक वाक्य कानावर पडलं, एवढंच.

सकाळी साताऱ्याच्या वाढे फाट्यावरून आम्ही नऊजण सायकलवर निघालो. वाठार स्टेशनला चहा घेऊन परत. डिसेंबरातलं धुकं, रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या. जाताना सगळं ठीक होतं, म्हणजे मला तरी तसं वाटलं. येताना वारा समोरून लागला, म्हणून सगळे एकामागे एक, पुढच्याच्या चाकाला लागून, त्याच्या आडोशाने चालवू लागले. मी चौथी. माझ्या मागे तो निळ्या जर्सीवाला आणि त्याच्या मागे त्याचा नवा मित्र. मी एकदा ब्रेकला बोट लावलं. पुढे ना खड्डा होता, ना कुत्रं. पुढचा नुसता पाणी प्यायला बाटलीकडे वाकला होता. थोड्या वेळाने पुन्हा बोट लावलं. मग मागून आवाज आला, हळूच, पण वारा समोरचा असला तरी ऐकू आलाच. "ताईंच्या चाकाला लागू नको रे. मधेच ब्रेक मारतात."

दोघं उजवीकडून पुढे निघून गेले. जाताना त्याने नेहमीसारखं "चला ताई" म्हटलं. त्यांच्या मागचे तिघंही गेले. मी मागे वळून पाहिलं तर माझ्यामागे कुणीच नव्हतं. रिकामा रस्ता आणि बऱ्याच लांबवर एक ट्रॅक्टर.

हे मला इतकं का लागलं, ते कळत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

भीती वाटते हे मला माहीत आहे. फेब्रुवारीपासून तिच्याबरोबर राहतेय. लोणंद सोडल्यावर, चांदोबाच्या लिंबाच्या अलीकडे, सरळ सपाट रस्त्यावर मी पडले. ना घाट, ना वळण. ताशी अडतीसचा वेग, पंचवीसेक जणांचा घोळका. पुढे कुणीतरी "खड्डा!" ओरडलं. माझ्या पुढचा हातभर डावीकडे सरकला. माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या चार बोटं पुढे गेलेलं होतं. टायरला टायर घासल्याचा झर्रकन आवाज आला. त्यानंतर एकदम डांबराचा वास.

हाताला झोळी होती त्या दिवसांत मी यावर बरंच वाचलं. सायकल सरळ उभी राहते ती हँडल सतत, आपल्याला कळणारही नाही इतकं बारीक, इकडेतिकडे वळत असतं म्हणून. पडू लागलो त्या बाजूला चाक वळतं आणि तोल सावरतो. पुढच्याच्या चाकाला आपलं चाक अडलं की ते वळूच शकत नाही. म्हणून पडतो तो मागचा, पुढचा बहुतेक वेळा नुसता हलतो आणि निघून जातो. म्हणजे माझ्या पुढच्याची चूक नव्हती. त्याने खड्डा चुकवला, ते त्याचं कामच होतं. चाक आत घातलं होतं मी. आणि मी पडल्यावर माझ्या मागचा मुलगा माझ्यावर येऊन पडला. त्याचं मनगट...

ते आज नको.

कॉलरबोन मोडली. सायकलवाल्यांचं हे हाड सगळ्यात जास्त मोडतं, पडताना माणूस हात पुढे टाकतो किंवा थेट खांद्यावर आपटतो म्हणून. प्लेट बसवली, सात स्क्रू. हेल्मेटला बाहेरून एक चीर दिसत होती, पण आतला फोम एका बाजूने चेपला होता. तो फोम एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, तसं हेल्मेट नंतर कामाचं राहत नाही. नवीन घेतलं. जुनं ह्यांनी माळ्यावर ठेवलंय, टाकू देत नाहीत. आईने तर दवाखान्यातच सांगितलं होतं, "आता बास." ती तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती.

तीन महिने हॉलमध्ये ट्रेनरवर, म्हणजे स्टँडला अडकवून जागच्या जागी, सायकल चालवली. मग एकटीने बाहेर पडले. समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वरचा घाट. चढ पहिल्या दिवसापासून जमला, चढावर मी कधीच घाबरले नाही. उतरताना मात्र दोन्ही ब्रेक आवळून आले. बोटं बधिर झाली, ब्रेकच्या डिस्कला जळका वास आला, वळणावर थांबून हात झटकावे लागले. त्या दिवशी घरी येऊन रडले होते. पण पुढच्या आठवड्यात परत गेले. वळणाच्या आधीच ब्रेक संपवायचा, वळणात नाही. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर भार. हात खाली ड्रॉप्सवर, हँडलच्या खाली वळलेल्या भागावर. नजर चाकापुढे नाही तर वळण जिथे सुटतं तिथे, कारण जिथे बघू तिथेच सायकल जाते, दरीकडे बघितलं तर दरीकडे. हे सगळं मला आधीही येत होतं, पण आता एकेक पायरी मोठ्याने म्हणत उतरायचे. फुलांच्या दिवसांत कासची गर्दी होती म्हणून पहाटे जायचे. ऑक्टोबर संपता संपता एकदाही न थांबता खाली आले आणि बोगद्याच्या तोंडाशी एकटीच जोरात ओरडले.

तेव्हा मला वाटलं, झालं. आले परत.

नोव्हेंबरात दोनशे किलोमीटरची बीआरएमही केली, ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी. साडेतेरा तासांची मुदत असते, मी त्याच्या बऱ्याच आधी पोचले. ग्रुपवर सगळ्यांनी कौतुक केलं, पुनरागमन वगैरे. मी पण ते खरं मानलं. पण बीआरएम ही शर्यत नाही. तिथे मी दिवसभर एकटी चालवत होते, कुणाच्या चाकाला लागायची वेळच आली नाही. बहुतेक म्हणूनच ती इतकी सोपी गेली.

आज परतीच्या रस्त्यावर एक गोष्ट लक्षात आली. घाटातलं वळण जागचं हलत नाही. आज जिथे आहे तिथेच उद्या असतं. त्याची खडी, त्याचा उतार, त्याचा कठडा, सगळं पाठ करता येतं. माणसाचं चाक पाठ करता येत नाही. तो पाणी पितो, वाकतो, मान वळवतो, शिंकतो. माझी भीती घाटावरून उतरून तिथे जाऊन बसली आहे, पुढच्याच्या मागच्या चाकावर. मी दहा महिने वेगळ्याच ठिकाणी तिच्याशी झगडत होते.

बोर घाटात सगळ्यांच्या आधी वर पोचणाऱ्याला मुंबई-पुणे शर्यतीत घाटाचा राजा म्हणतात. लहानपणी मला तेवढंच माहीत होतं, की सायकल म्हणजे चढ. पुढे समजलं की पोचायचं असेल तर पुढच्याच्या आडोशाला राहता आलं पाहिजे. मागच्याला वीस-तीस टक्के तरी कमी जोर लागतो. समोरून वारा असला की तो फरक पायांना लगेच कळतो. सपाट रस्त्याच्या शर्यतीत एकटं राहिलं की संपलं. म्हणजे चाक धरता येत नसेल तर मला शर्यत येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. हे लिहून झाल्यावर मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

पण आजचं वाक्य लागलं ते या कारणाने नाही. चाक धरायची भीती वाटते ही माझी गोष्ट, माझ्याजवळच राहते. त्याने सांगितलं ते वेगळंच. माझं चाक धरण्यासारखं राहिलेलं नाही. नऊ वर्षं या रस्त्यावर पोरं माझ्या मागे लागत आली. माझ्यामागे चालवायला बरं वाटतं असं म्हणायची. रेषा सुटत नाही, वेग एकसारखा, खड्डा आला की इशाऱ्याचा हात आधीच खाली गेलेला. मला कधी पहिला नंबर मिळाला नाही, मिळायचाही नव्हता. माझ्याजवळ होतं ते हेच होतं. चाळिशीच्या बाईच्या मागे वीस वर्षांची पोरं बिनधास्त डोकं खाली घालून चालवायची, याचं मला किती वाटायचं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. आज ते गेलं आणि गेल्यावर कळलं.

डॉक्टर हाड जुळलं म्हणाले. वजन उचला म्हणाले. आठ महिने सगळे विचारत होते, कशी आहेस, दुखतं का, भीती वाटते का. या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे तयार होती. तुझ्यामागे मी कसा चालवू, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि आज कुणी न विचारताच ठरवून टाकलं.

दुपारी ग्रुपवर कुणीतरी परत त्या डच सायकलपटूचं, व्हान व्ल्यूटेनचं पाठवलं. मी पडल्यापासून हे मला चौथ्यांदा आलं असेल. 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या रोड रेसमध्ये ती सगळ्यांच्या पुढे असताना उतारावर पडली, मणक्याला तीन ठिकाणी फ्रॅक्चर. पुढच्याच वर्षी टाइम ट्रायलची, म्हणजे एकटीने घड्याळाशी लावायच्या शर्यतीची, विश्वविजेती. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यातच सुवर्ण. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात वोलाँगाँगला कोपराचं हाड मोडलेलं असताना रोड रेसमध्ये पुन्हा विश्वविजेती, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. मला ती फार आवडते. तिचा तो पडल्याचा व्हिडिओ मी झोळीतल्या हाताने कितीदा तरी पाहिला, आणि त्या दिवसांत तिनेच मला उठवलं हे खरं आहे. पण ती एकटी पडली होती, ओल्या उतारावर. तिच्या अंगावर कुणी येऊन पडलं नव्हतं. आज तिच्याकडून मला जे हवं होतं ते मिळालं नाही.

साडेदहा झाले. हे झोपले. चहा करून घेतला.

रागाने लिहिलेलं वर वाचलं. आता त्या पोराचा विचार करते आहे. त्याने काय चुकीचं केलं? बंचमध्ये, म्हणजे घोळक्यात, पुढच्याने एवढासा वेग कमी केला की दुसऱ्याला जरा जास्त करावा लागतो, तिसऱ्याला त्याहून जास्त, आणि शेवटच्याला जोरात ब्रेक दाबावा लागतो. माझं एक बोट ब्रेकवर गेलं की तीन माणसांच्या मागचा धोक्यात येतो. त्याच्यामागे नवा मुलगा होता, पेडलला बूट अडकवणाऱ्या क्लीट्स घालून जेमतेम महिना झालेला. त्याला त्याने सांभाळलं. मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली ठेवला. पुढे जाताना "चला ताई" म्हटलं.

आणि हे त्याला शिकवलं कुणी? चार वर्षांपूर्वी, याच रस्त्यावर, अंबवड्याच्या आसपास, मीच त्याला सांगितलं होतं. ज्याचं चाक स्थिर नाही त्याच्या मागे राहायचं नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. त्या वेळी तो सारखा पुढच्याच्या चाकाकडे टक लावून बघायचा. मी म्हटलं होतं, चाकाकडे नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघ, त्याला दिसतं ते तुलाही दिसलं पाहिजे. आज बाटलीकडे वाकणाऱ्या माणसाच्या चाकाकडे मी टक लावून बघत होते.

माझं बोट ब्रेकवर जातं ते मागच्यासाठी नाही, पुढच्यासाठी. पुढच्याची भीती गेल्याशिवाय मागचा परत येणार नाही. हे आता लिहिताना सुचलं. इतकं साधं आहे आणि सकाळपासून मी ते फक्त लोकांनी मला सोडलं या बाजूने बघत होते.

यावर एक सराव असतो. आम्ही नव्या मुलांना करायला लावायचो. मैदानावर, गवतात, चालण्याच्या वेगाने. दोघं शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून, कोपराला कोपर घासत. ते जमलं की एकामागे एक, आणि मागच्याने मुद्दाम आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने टेकवायचं. हलकेच. चाक अडलं की घाबरून ओढून घ्यायचं नाही, अंग सैल ठेवायचं, किंचित त्याच बाजूला झुकायचं आणि अलगद सोडवून घ्यायचं. गवतात पडलं तरी फार काही होत नाही. पोरं हसत हसत पडायची.

पडल्यापासून मी ते एकदाही केलं नाही. मनातसुद्धा आणलं नाही. यवतेश्वर शंभरदा चढले. तो झर्रकन आवाज पुन्हा ऐकू येईल अशा ठिकाणी मात्र गेले नाही.

फेब्रुवारीतल्या शर्यतीची नावं या महिन्याअखेर बंद होतात. देणार का, माहीत नाही. त्या रस्त्यावर चांदोबाचा लिंब पुन्हा येणार आहे. वारीत माऊलींचं उभं रिंगण होतं ना तिथे, घोडा धावतो, आणि घोड्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. मला तिथली फक्त खडी माहीत आहे, खांद्यातून काढलेली. तिथे एकदा नुसतं जाऊन उभं राहावं असं खूप दिवस मनात आहे. शर्यतीशिवाय. आईला घेऊन जावं का?

पावणेअकराला त्या पोराला मेसेज टाकला. सकाळचं काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की मंगळवारी सहाला मैदानावर येशील का, चाक टेकवायचा सराव करायचा आहे, मला.

मला वाटलं झोपला असेल. लगेच उत्तर आलं.

"येतो ताई." मग थोडा वेळ तो काहीतरी टाइप करत होता, पुसत होता. शेवटी आलं, "सॉरी ताई, सकाळी..." त्याखाली अजून एक, "पुढे तुम्ही का मी?"

खूप वेळ फोन हातात धरून बसले. पुढे मी, असं लिहायचं होतं. त्याचं चाक माझ्यामागे हवं होतं, निदान गवतावर तरी.

लिहिलं, "पुढे तू. आधी मी मागे."