साताऱ्याचा आकडा

जुलैतला रविवार. राज्यातली वीजनिर्मिती आणि मागणी यांचा मेळ घालणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये दुपारची पाळी माझी होती. राज्यभर झड लागलेली. शेतीपंप बंद, कारखान्यांना सुट्टी, घराघरांतले पंखेसुद्धा मंदावलेले. मागणी तळाला गेली होती आणि नेमका त्याच दिवशी पवनचक्क्यांच्या मुलखात, साताऱ्याकडे वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर, तिकडे साक्रीकडेही वारा सुसाट सुटला होता.

वीज मागणीपेक्षा जास्त झाली की ग्रिडची फ्रिक्वेन्सी चढते, कमी पडली की उतरते; ती 50 हर्ट्झच्या आसपास ठेवायची असते. ती 50.05च्या वर जाऊन बसली. कोयनेची जलविद्युत यंत्रं मी सकाळच्या पाळीकडून बंदच ताब्यात घेतली होती. कोळशावरचे औष्णिक संच खाली आणत आणत क्षमतेच्या 55 टक्क्यांवर टेकवले. त्याच्याही खाली गेलं की बॉयलरमधली ज्योत डळमळते. त्यात पावसाळ्याचा ओला कोळसा मिलमध्ये चिकटून बसतो. एका केंद्राचा शिफ्ट इन्चार्ज फोनवर म्हणाला, "साहेब, अजून कमी करायचं तर ज्योत टिकवायला तेल मारावं लागेल. त्यापेक्षा संचच बंद करा म्हणा, मी सुटतो."

पवनऊर्जेला ‘मस्ट रन’ दर्जा आहे. ग्रिडच्या सुरक्षेचा प्रश्न असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. आणि फुकटचा वारा थांबवून कोळसा जाळायचा, हे मनालाही पटत नाही. वाऱ्याच्या अंदाजाचा तक्ता उघडला. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 ब्लॉक. रात्री दहापर्यंत रेघ जवळपास सरळ. मी 210 मेगावॉटचा एक संच बंद करायला सांगितलं. निवृत्तीला आलेले आमचे सीनियर चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "संध्याकाळचा पीक, मागणी चढते ती वेळ, कशी काढणार?" मी तक्त्याकडे बोट दाखवलं.

साडेपाचला साताऱ्याचा आकडा, म्हणजे तिथल्या पवनविजेचा, उतरू लागला. वाटलं, तिथून आकडे पाठवणारी टेलिमेट्री अडकली असेल, तसं अधूनमधून होतं. साताऱ्याला फोन केला तर कळलं, वारा खरंच पडलाय. साडेसहाला निम्मासुद्धा उरला नव्हता, आणि इकडे दिवे लागायची वेळ. फ्रिक्वेन्सी 49.90च्या खाली गेली. आपलं राज्य ग्रिडमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतंय म्हणून वरच्या केंद्रातून फोनावर फोन.

कोयनेला कळवलं. चौथ्या टप्प्यातली यंत्रं 250 मेगावॉटची. काही मिनिटांत पहिलं लागलं, पाठोपाठ दुसरं. तिसऱ्याला जीव जरा अडखळला. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे, हिशेब 1 जूनपासून सुरू होतो. जुलैत सोडलेलं पाणी पुढच्या एप्रिल-मेमध्ये आठवतं. पण सोडलं. गंमत म्हणजे पठारावरच्या चक्क्या फिरवतो तोच पाऊसवारा खाली कोयनेचा जलाशय, शिवसागर, भरतो. वरच्याने दगा दिला की खालच्याने निस्तरायचं.

बंद केलेला संच पुन्हा पेटवायला सांगितलं तेव्हा फोनवर क्षणभर कुणी बोललंच नाही. मग, "दुपारीच बंद केलाय ना, साहेब?" बॉयलर गरम असला तरी चार-पाच तास जाणारच. माझा रिलिव्हर कुर्ल्याला अडकलेला, रुळांवर पाणी, लोकल बंद. कँटीनमधला गार वडापाव खाऊन पुढच्या पाळीलाही मीच बसलो.

साडेअकराला संच ग्रिडवर आला. तोवर मागणी ओसरली होती आणि साताऱ्याचा आकडा परत चढत होता. पावणेबाराला त्याच इन्चार्जचा फोन.

"साहेब, लोड वाढवू, की परत बंद?"

"55 टक्क्यांपर्यंत न्या आणि तिथेच धरा," म्हटलं. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, आणि कोयनेला यंत्रं बंद करायला सांगितली.