तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याकडे थंड हवेची वाइन होते का?

जानेवारीत नाशिकला जाऊन आलेला पुणेकर हमखास विचारतो, "पहाटे स्वेटर घालून हिंडलो, मग हा थंड हवेचा वाइन प्रदेशच झाला की!" स्वेटर खरा, पण प्रदेश थंड नाही. वेल फुटल्यापासून काढणीपर्यंतचं सरासरी तापमान 13 ते 15 अंशांत असेल, तर वाइनवाले त्याला थंड प्रदेश म्हणतात. जर्मनीतलं मोझेल तसलं. नाशकात जानेवारीतही दुपारी 28-30, पहाटे 10-12, म्हणजे सरासरी 20च्या आसपास.

आपल्या द्राक्षाला जी काही थंडी मिळते ती कात्रीने मिळवलेली असते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून वर्षात दोन छाटण्या आणि पीक एकच. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यावर नुसत्या काड्या घ्यायच्या. उन्हाळ्याच्या उन्हात त्यांच्या डोळ्यांत घड तयार होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी करून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, नाहीतर ते मागेपुढे फुटतात आणि एकाच वेलावर हिरवे आणि पिकलेले घड राहतात. माल पिकतो जानेवारी ते मार्चमध्ये, रात्री गार असताना.

सगळी मेख फळ छाटणीच्या तारखेत आहे. सप्टेंबरात घाई केली, तर फुलोऱ्यावर परतीचा पाऊस आणि डाउनी नावाचा बुरशीचा रोग. फार उशीर केला, तर पिकणं मार्चच्या 35 अंशांत सापडतं. साखर भराभर चढते आणि आम्ल गळतं. गळतं ते मुख्यतः मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदाच्या आंबटपणाचं. उष्णतेत मणी तेच आधी जाळून टाकतो. टार्टारिक मात्र टिकून राहतं, आणि ते तर चिंचेतलं आम्ल. त्यामुळे मोझेलची वाइन सफरचंदासारखी आंबट लागते, आपली चिंचेकडे झुकते. मला यात कमीपणा वाटत नाही.

"मग महाबळेश्वरला का लावत नाहीत?" हा पुढचा पुणेरी प्रश्न. उन्हाळ्यात तयार केलेली काडी तिथल्या पावसात चार महिने भिजत उभी राहील. बुरशीच तिला संपवेल.

थंडी जास्त झाली तरी पंचाईतच. निफाड काही डोंगरावर नाही, पण तिथला पारा 5-6 अंशांवर आला की मणी तडकायला लागतात. बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. वाइनच्या बागेत साखर भरणं अडतं. पांढरीसाठी 22 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) लागतं (त्याला 0.55ने गुणलं की साधारण अल्कोहोलचा टक्का, म्हणजे 12), आणि ते 19वर रेंगाळतं.

हा फरक चाखून बघायचा असेल तर एकाच द्राक्षाच्या दोन बाटल्या घ्या: दिंडोरीकडची सॉव्हिन्यो ब्लां आणि न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची, जो खरोखरचा थंड प्रदेश आहे. सालही शक्यतो एकच बघा. फ्रिज 4 अंशांवर असतो, तिथून थेट ओतलीत तर दोन्ही सारख्याच, म्हणजे काहीच नाही, लागतील. पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, 8-10 अंशांवर वास सुटतो. मार्लबरोचा आंबटपणा जिभेच्या दोन्ही कडांवर राहतो, आपला लवकर निवतो आणि मागे पिकलेल्या पेरूचा वास राहतो. माझ्या मते अकलूजकडची घ्यायची तर लाल घ्यावी. तिथल्या उन्हात सालीतला तुरटपणा नीट पिकतो. पांढरीला त्या उन्हाचा फायदा नाही.

आणि मे महिन्यात बिनएसीच्या दुकानातली, शेल्फवर उभी असलेली पांढरी बाटली घेऊ नका. उजेडाकडे धरून बघा, रंग मधासारखा झाला असेल तर परत ठेवा.