पहिल्या वर्षानंतरचे पैसे कोण देणार?

माझी देवगडची भाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवीधर आहे आणि तिला किनारपट्टी अभियांत्रिकीत पुढे शिकायचे आहे. दर पावसाळ्यात ढासळणारे धूपप्रतिबंधक बंधारे आणि गाळाने भरत चाललेली खाड्यांची मुखे पाहत वाढलेल्या मुलीने हा विषय निवडावा, याचा मला मनापासून आनंद झाला. मी रत्नागिरीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे कोणते विद्यापीठ घ्यावे हा प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर येतोच. मात्र या वेळी प्रश्न घरातला होता आणि त्यातला पैशाचा भाग टाळून पुढे जाता येत नव्हते.

तिला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाकडून पीएचडीसाठी पत्र आले होते. पहिल्या वर्षी टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्यात मदत करण्याचे काम), शुल्कमाफी आणि दरमहा स्टायपेंड असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पुढच्याच वाक्यात, त्यानंतरचे साहाय्य निधीच्या उपलब्धतेवर आणि समाधानकारक प्रगतीवर अवलंबून राहील, असेही होते. घरात सगळ्यांनी पहिले वाक्य वाचले आणि अभिनंदनाचे फोन सुरू झाले. माझे लक्ष दुसऱ्या वाक्यावर अडकले, कारण पीएचडीला पाच वर्षे लागतात आणि लिखित हमी एकाच वर्षाची होती.

अशी भाषा वापरणारे विद्यापीठ फसवते आहे असे मुळीच नाही. तिथली व्यवस्थाच तशी आहे. टीचिंग असिस्टंटशिपचा पैसा विभागाकडून येतो. पदवीच्या वर्गांना प्रयोगशाळा घेणारे, उत्तरपत्रिका तपासणारे साहाय्यक हवेच असतात, म्हणून ज्या विभागात पदवीचे विद्यार्थी भरपूर आहेत तिथे या जागा वर्षानुवर्षे टिकतात. रिसर्च असिस्टंटशिपचा पैसा मात्र एकेका प्राध्यापकाच्या प्रकल्पातून येतो, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानासारख्या संस्थांची अनुदाने बहुधा तीन वर्षांची असतात. म्हणजे प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थी रुजू झाला तरी पदवीच्या आधी दोन वर्षे अनुदान संपते; प्रकल्प अर्धा झाल्यावर तो आला असेल, तर त्याहून लवकर. नवे अनुदान मिळाले तर काम चालू राहते. न मिळाल्यास विद्यार्थी पुन्हा टीचिंगकडे वळतो, मार्गदर्शक बदलतो किंवा मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडतो. सुस्थितीच्या काळात ही साखळी सहसा तुटत नाही, म्हणून आधीच्या पिढीतल्या मुलांना त्या दुसऱ्या वाक्याची काळजी करावी लागली नाही.

2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदानांवरचा अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे इमारती, वीज आणि प्रशासनासाठी विद्यापीठाला मिळणारा वाटा, 15 टक्क्यांवर मर्यादित करण्याचा निर्णय जाहीर केला. तो न्यायालयात अडकला. पण अंदाजपत्रकांवरचा विश्वास डळमळला आणि अनेक विद्यापीठांनी त्या हंगामात पीएचडीचे प्रवेश कमी केले किंवा थांबवले. आरोग्य संस्थेचा पैसा आणि किनारपट्टी अभियांत्रिकी यांचा थेट संबंध कमी असला, तरी विद्यापीठाची तिजोरी एकच असते. एका बाजूची गळती दुसऱ्या बाजूच्या असिस्टंटशिपपर्यंत पोहोचते. म्हणून या काळात क्रमवारीतल्या स्थानापेक्षा पैशाचा उगम किती ठिकाणी आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्या विभागात आपल्या विषयाचे तीन प्राध्यापक आहेत आणि त्यांची अनुदाने वेगवेगळ्या संस्थांकडून येतात, तो विभाग एकाच नामवंत प्राध्यापकाच्या एकाच मोठ्या प्रकल्पावर उभ्या असलेल्या विभागापेक्षा मी वर ठेवीन, मग त्या प्राध्यापकाचे नाव कितीही मोठे असो.

हे सगळे विचारता येते, आणि विचारण्यात काही गैर नाही. आपल्याकडच्या मुलांना गुरुजनांशी पैशाविषयी बोलायला संकोच वाटतो आणि भाचीलाही तो वाटत होता. आम्ही दोघींनी बसून तिथल्या प्राध्यापकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा केला. आपला प्रकल्प कोणत्या वर्षी संपतो. मागच्या काही वर्षांत दुसऱ्या वर्षानंतर साहाय्य न मिळालेले विद्यार्थी होते का. स्टायपेंड नऊ महिन्यांचे की बारा. शुल्कमाफी झाल्यावरही विद्यार्थ्याने भरायची किरकोळ शुल्के आणि आरोग्य विमा किती, असे साधे प्रश्न होते. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचा प्रश्न अनेकांच्या लक्षातच येत नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंतच काम करता येते आणि बाहेर काम करायला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे उन्हाळ्याचे भाडे कुठून द्यायचे हे जाण्याआधी माहीत असलेले बरे. सर्वांत उपयोगी उत्तरे मात्र त्याच प्रयोगशाळेत तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांकडून मिळतात. ते मोकळेपणाने बोलतात, कारण त्यांनाही कोणीतरी तसे सांगायला हवे होते.

प्राध्यापकांचे उत्तर सौजन्यपूर्ण आणि प्रामाणिक होते. चालू प्रकल्प पुढच्या वर्षी संपणार होता, नवा प्रस्ताव पाठवलेला होता आणि निकाल हाती नव्हता.

इथे घरच्यांनी स्वाभाविकपणे कर्जाचा विषय काढला: दोन वर्षे अडली तर कर्ज काढू, नंतर फेडता येईल. किनारपट्टीवरच्या कुटुंबांसाठी हा पर्याय कागदावर दिसतो तितका सोपा नाही. 7.5 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेमुळे तारणाशिवाय मार्ग असतो, पण परदेशातल्या एका वर्षालाही ती रक्कम पुरत नाही, आणि त्यापुढे बँका सहसा तारण मागतात. आमच्याकडे मालमत्ता म्हणजे हापूसची कलमे आणि राहते घर. थकलेल्या कर्जासाठी बँकेला न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या (2002) कलम 31 नुसार शेतजमिनीवरचे तारण त्या कायद्याखाली वसूल करता येत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन स्वीकारायला बँका नाखूश असतात. त्यातून सातबारा सामाईक. त्यावर मुंबईला असलेल्या चुलत्यांची, आत्यांची आणि कधीकधी हयात नसलेल्या आजोबांचीही नावे असतात. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीच्या असेसमेंटच्या उताऱ्यापलीकडे बहुधा कागद नसतो. वारस नोंदी आणि संमतिपत्रे पूर्ण होईपर्यंत प्रवेशाची मुदत निघून जाते. बिगरबँकिंग वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात, पण चढ्या व्याजाने. समजा 40 लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी घेतले, तर शिक्षण चालू असतानाच सरळ व्याजाने वर्षाला 4 लाख 40 हजार रुपये व्याज चढते. ज्या बागेचे उत्पन्न मोहोराच्या दिवसांतला अवकाळी पाऊस आणि फुलकिडे ठरवतात, तिच्यावर हे ओझे टाकणे मला मान्य नव्हते. मेव्हण्यांनी तर एकाच वाक्यात सांगितले, “सातबाऱ्यार बोजो नको.” त्यांच्या या शब्दाला मी भीती म्हणणार नाही, पीककर्जाचा अनुभव असलेल्या माणसाचा तो हिशेब होता.

स्टायपेंड नसलेल्या परदेशी मास्टर्सविषयी तर माझे मत अधिकच कडक आहे. तिथे गेल्यावर असिस्टंटशिप मिळेल या आशेवर कर्ज काढू नये. मिळाली तर उत्तम, पण हिशेब ती मिळणार नाही असे धरूनच करावा. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही आणि अभियांत्रिकीची पीएचडी बहुधा पगारी नोकरी असते, म्हणून तो मार्ग अभ्यासण्यासारखा आहे. तरी मास्टर्ससाठी जाताना राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे 11,904 युरो गोठवलेल्या (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या) खात्यात आधी दाखवावे लागतात, आणि काही विद्यापीठे आता युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून शुल्कही घेऊ लागली आहेत.

भारतातला मार्ग भाचीने आधीच मोकळा ठेवला होता, कारण तिने गेट ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा दिली होती. गेटच्या गुणांवर एम.टेक.ला दरमहा 12,400 रुपये मिळतात आणि त्याबदल्यात आठवड्याला आठ तास विभागाचे काम करावे लागते. ही रक्कम गेली कित्येक वर्षे तेवढीच आहे आणि ती वाढायलाच हवी. पण वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचे घराकडे हात न पसरता त्यात भागू शकते. पीएचडीला 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि नंतर 42,000 रुपये फेलोशिप आहे, तर पंतप्रधान संशोधन फेलोशिप 70,000 पासून सुरू होते. इथेही पैसे वेळेवर येतीलच असे नाही. महिनोन्महिने फेलोशिप रखडलेले माझे विद्यार्थी मी पाहिले आहेत, म्हणून चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून जावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

अडचण वेळापत्रकाची होती. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या पत्राला उत्तर देण्यासाठी 15 एप्रिलपर्यंत मुदत असते. त्याआधी निर्णयासाठी दडपण आणता येत नाही. आपल्याकडे गेटचा निकाल मार्चमध्ये लागतो, पण आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशफेऱ्या त्या मुदतीनंतर सुरू होतात. म्हणजे आंब्याच्या ऐन हंगामात, बागेचे उत्पन्न किती होणार हेही ठाऊक नसताना, घरातल्या मुलीने हातातले पत्र नाकारायचे की नाही हे ठरवायचे. अशा वेळी मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचे गुण समोर ठेवून आपली शक्यता अजमावता येते. शिवाय गेटचे गुण तीन वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे एका वर्षी काही मनासारखे झाले नाही तरी दार बंद होत नाही.

भाचीने एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या विद्यापीठाला नकार कळवला आणि प्रवेश एक वर्ष पुढे नेता येईल का, हेही विचारले. प्रवेश पुढे नेता येईल, साहाय्याचा मात्र नव्याने विचार होईल, असे उत्तर आले. तिने तो प्रयत्न सोडून दिला. पुढे फेरीत तिला सुरतकलच्या एनआयटीत जागा मिळाली. तिथे जलसंपदा आणि सागरी अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, कर्नाटकाचा तो किनारा आमच्या किनाऱ्याचाच पुढचा भाग आहे, आणि कोकण रेल्वेचे स्थानक गावातच आहे. प्रबंधासाठी तिला गाळाच्या वहनाचा विषय घ्यायचा आहे. त्यासाठी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात काही महिने काम करता येईल का, याची चौकशी तिने सुरू केली आहे. पीएचडीचे अर्ज ती दुसऱ्या वर्षी पुन्हा करणार आहे. या वेळी विद्यापीठांच्या नावांआधी कोणत्या प्राध्यापकाला कोणते अनुदान कधी मिळाले, हे ती पाहणार आहे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक अनुदानाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख कोणालाही पाहता येते, आणि शोधण्याच्या चौकटीत किनारपट्टीची धूप एवढे शब्द इंग्रजीत टाकले, तरी सुरुवात होते.