तण्णीरमुक्कमची दारं

मुन्नार सुंदर आहे, फोर्ट कोची मला त्याहून आवडलं, पण त्यांच्यावर लिहिणारे खूप आहेत. केरळहून आल्यापासून माझ्या डोक्यात आहे तो तण्णीरमुक्कमचा बंधारा.

चेर्तलाकडून कुमारकमला जायचा रस्ता याच बंधाऱ्यावरून जातो. वेंबनाड तलावाच्या आरपार, जवळजवळ दीड किलोमीटर. गाड्या न थांबता निघून जातात, आम्ही उतरलो. जानेवारी होता, दारं बंद होती. उत्तरेला कोचीकडून आलेलं भरतीचं पाणी दारांवर थडकत होतं. रस्ता ओलांडून दक्षिणेला गेलो, तर जलपर्णी इतकी दाट की खाली पाणी आहे हे कळू नये. त्यात कुजका वास. पूर्वी दर उन्हाळ्यात खारं पाणी आत यायचं आणि ही जलपर्णी मरून जायची.

बंधारा उगाच बांधलेला नाही. बंधाऱ्याच्या दक्षिणेला असलेल्या कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत. पावसाळा सरून नद्यांचा जोर ओसरला की समुद्र आत सरकतो आणि भात करपतो. म्हणून १९७६ पासून ही दारं. रीत अशी की १५ डिसेंबरला लावायची आणि १५ मार्चला उघडायची.

काठावर एक वयस्कर मच्छीमार जाळं उकलत बसले होते. आमचा ड्रायव्हर त्यांना 'चेट्टा', म्हणजे दादा, म्हणून बोलायला लागला आणि जमेल तसं हिंदीत आम्हाला सांगत गेला. चेट्टांनी बादलीतून एक कोंजू काढला, म्हणजे गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी. हातभर नांग्यांचा निळा नर मी बाजारात पाहिला होता, ही मादी होती. त्यांनी ती उलटी धरली. पोटाखाली पायांच्या मधे अंड्यांचा गच्च घोस, नारिंगी. फुटायला आली की हीच अंडी राखाडी होतात.

कोंजू वाढतो नदीच्या गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं तिथे जगत नाहीत. त्यांना लिटरमागे १२ ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं. समुद्रात ते ३५ असतं. म्हणून मादी अंडी घेऊन खाली निमखाऱ्या पाण्याकडे जाते आणि जरा मोठी झालेली पिल्लं परत वर येतात. दोन्ही वेळा वाटेत ही दारं. काळ्या शिंपल्यांचंही तेच, मिठाशिवाय त्यांची वीण नीट होत नाही. चेट्टा हे सगळं न चिडता सांगत होते. आवाज चढला तो एकदाच, मार्चचा विषय निघाला तेव्हा. कुठल्यातरी शेतात पेरणी उशिरा झालेली असते, तिथली कापणी लांबते आणि तेवढ्यासाठी दारं एप्रिलपर्यंत बंद राहतात.

मला शेतकऱ्यांना दोष द्यायचा नाही. भात वाचायलाच हवा. पण पाण्यातल्या मिठाऐवजी सर्वात मागे पडलेल्या शेतावर दारं चालवायची, हे मला पटत नाही.

आणि हाउसबोटी! दारं बंद असताना दक्षिणेचं पाणी तुंबतं, शेतातली खतं आणि कीटकनाशकं त्यातच राहतात, त्यात या बोटींची भर. आमच्या बोटवाल्याला विचारलं की संडासाचं पाणी कुठे जातं. त्याने उत्तर टाळलं आणि जेवणात करीमीन मासा कसा करू ते विचारलं. मला भयंकर राग आला, जेवणही गोड लागलं नाही. तुम्ही बोट घेणार असाल तर पैसे देण्याआधी हा प्रश्न विचारा आणि टाकी दाखवायला सांगा.

कुट्टनाडातल्या सगळ्या पाडशेखरांनी, म्हणजे बांध घालून केलेल्या भातखाचरांच्या गटांनी, एकाच सुमारास पेरणी केली तर मार्चच्या मध्यापर्यंत कापणी उरकू शकते. ही सूचना तिथे जुनीच आहे. ती पाळायची तर बियाणं, पंप आणि मजूर सगळ्यांना वेळेवर मिळायला हवेत, आणि ते काम सरकारचं आहे. चेट्टांचं मागणं त्याहून साधं होतं: ठरलेल्या तारखेला दारं उघडा.