तुम्ही विचारलंत म्हणून: पोर्टफोलिओ कोणासाठी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण हा प्रश्न मला वरचेवर येतो आणि दर वेळी घाईत काहीतरी अर्धवट उत्तर दिलं जातं. प्रश्न असा, की तुझी नोकरी वेगळी, चित्रं आणि डिझाईन तू आवड म्हणून करतेस, कुणाकडे काम मागायचं नाहीये, मग हा पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामाची ही स्वतःची वेबसाईट, डोमेनचे, म्हणजे साईटच्या स्वतःच्या पत्त्याचे, दरवर्षीचे पैसे, रात्री बसून फोटो नीट करणं, हे सगळं कोणासाठी? सोशल मीडियावर टाकलं की झालं ना.

टाकते की तिथेही. तिथे लोक भेटतात, दाद मिळते, ते मला हवंच असतं. पण तिथे चित्र एकटं येतं. वर भलत्याच कुणाचा फोटो, खाली जाहिरात, मध्ये माझं चित्र, आणि चार दिवसांनी तेच चित्र शोधायला मलाच खाली खाली जावं लागतं. साईटवर माझ्या चित्राच्या शेजारी माझंच दुसरं चित्र असतं, आणि कुठलं कुणाशेजारी बसवायचं ते मी ठरवते. माझ्यासाठी सगळं या शेजारातच आहे.

पहिल्यांदा साईट केली तेव्हा होतं नव्हतं ते सगळं चढवलं होतं, ६४ चित्रं, जलरंग, पेनची स्केचेस, दोनचार पोस्टर्स, ओळखीतल्यांना करून दिलेले लोगो. वर्षभरानं एका रविवारी ठरवलं की २० च ठेवायची. मग सगळी छोटी करून एका स्क्रीनवर मांडली आणि हे काढू का ते काढू असं बघत बसले होते तर एकदम लक्षात आलं की माणसं असलेल्या एकाही चित्रात हात नाहीयेत. खिशात घातलेले, पाठीमागे बांधलेले, पांघरुणाखाली, एका चित्रात तर कोपरापाशी कागदच संपलेला. प्रत्येक चित्राच्या वेळी माझ्याकडे काही ना काही कारण होतं, कंपोझिशनच तशी हवी होती वगैरे, आणि एकेक चित्र सुटं बघितलं तर ती कारणं पटतातही, पण १४ माणसं ओळीनं समोर आली आणि १४ ही जणांचे हात गायब, तेव्हा मी किती वर्षं हात काढायचं टाळत आलेय ते कळलं. वाईट वाटलं, खरंच सांगते. त्यानंतर पाचसहा महिने मी फक्त हात काढले. माझाच डावा हात समोर धरून, कप धरलेला, सुईत दोरा ओवणारा, झोपलेल्या माणसाचा उशीवर सुटलेला. अंगठा तळव्यातून निघतो तिथला तो मांसल उंचवटा नीट जमला की बाकीचा हात बराचसा आपोआप बसतो, हे मला त्या महिन्यांत कळलं. आता साईटवर 'हात' नावाचं वेगळं पान आहे, ११ चित्रांचं, आणि माझ्या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त अभिमान त्या पानाचा आहे.

हे मला वहीत दिसलं नव्हतं कारण वहीत एका वेळी एकच पान उघडं असतं.

किती चित्रं ठेवावीत, हेही बरेच जण विचारतात. माझं २० च्या आसपास जमतं. एक कच्चं चित्र मध्ये राहिलं तर बघणारा बाकीच्या चांगल्या चित्रांकडेही त्याच नजरेनं बघायला लागतो, म्हणून नवीन एक चढवलं की जुनं एक उतरवते. एवढा एकच नियम मी पाळते, तोही एका जुन्या पेन स्केचसाठी मोडलाय, कारण ते मला आवडतं, बास.

मेहनत कुठे लागते म्हणाल तर चित्र कागदावरून स्क्रीनवर आणण्यात. एका जलरंगात सकाळच्या भिंतीवर फार फिकट पिवळा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर होता, त्या चित्राचा जीवच तो, आणि स्कॅन केल्यावर भिंत पांढरीफटक. फिकट वॉश स्कॅनरमध्ये बऱ्याचदा असेच उडतात आणि कागदाचा पोत मात्र नको तेवढा वर येतो. मग खिडकीजवळ, थेट ऊन नसताना, कॅमेरा कागदाला अगदी समांतर धरून फोटो काढला, रंग जुळवायला शेजारी ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड ठेवलं, तेव्हा कुठे पिवळा परत आला. आणि एवढं करून साईटवर चढवलं तर सगळं मातकट! कॅमेरा ॲडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीवर होता, सेव्ह करताना कलर प्रोफाईल, म्हणजे रंग कुठल्या पद्धतीनं वाचायचे ती नोंद, फाईलमधून गळलं, आणि प्रोफाईल नसलं की ब्राउझर सरळ एसआरजीबी ही वेबवरची नेहमीची पद्धत धरून चालतो, त्यामुळे रंग मरतात. तेव्हापासून वेबसाठीची प्रत एसआरजीबीत बदलूनच सेव्ह करते.

अक्षरांचंही तसंच. मी मराठीत लेटरिंग, म्हणजे हातानं रेखाटलेली अक्षरं, करते आणि साईटही मराठीत आहे, पण तयार टेम्पलेट बहुतेक रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून त्यात लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवून ठेवलेलं असतं, आणि देवनागरीत ते वाढवलं की शिरोरेघ तुटते, शब्दाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. ते शून्य करायचं. ओळींमधलं अंतर मात्र वाढवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन टेकतो. मी अक्षरांच्या आकाराच्या १.७ पट ठेवलंय. कुणी ते मुद्दाम बघणार नाही हे मला माहितीये, पण वाचताना डोळ्याला जो आराम पडतो तो पडतोच.

चोरीची भीती वाटत नाही का, हा पुढचा प्रश्न. वाटते. म्हणून मूळ फाईल कधीच चढवत नाही, लांब बाजू १६०० पिक्सेल एवढीच ठेवते. स्क्रीनवर ती छान दिसते आणि ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायला गेलं तर साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास संपते. फोनवरून काढलेल्या फोटोत लोकेशन असू शकतं, ते आधी काढून टाकते. एआयसाठी साईटवरचा मजकूर आणि चित्रं आपोआप गोळा करणाऱ्या प्रोग्रॅम्सना, म्हणजे बॉट्सना, येऊ नका असं रोबॉट्स डॉट टीएक्सटी या त्यांच्यासाठीच्या सूचनांच्या फाईलमध्ये लिहून ठेवलंय, पाळायचं की नाही ते शेवटी त्या बॉटवर असतं, तरी लिहिलंय.

आणि स्वतःचं डोमेन का, तर माझी पहिली साईट एका फुकट सर्व्हिसवर होती, ती महिनाभराची नोटीस देऊन बंद झाली. चित्रं माझ्याकडे होती, पण त्यांचा क्रम आणि प्रत्येकाखाली लिहिलेल्या दोनतीन ओळी गेल्या, आणि त्या मला तशाच्या तशा परत लिहिता आल्या नाहीत. २००९ मध्ये याहूनं जिओसिटीज बंद केलं तेव्हा लाखो लोकांची घरगुती पानं अशीच जाणार होती, काही लोकांनी धावपळ करून जमतील तेवढ्यांच्या प्रती काढून ठेवल्या म्हणून त्यातली बरीच आज बघता तरी येतात. आता माझी साईट म्हणजे साध्या फाईलींचं एक फोल्डर आहे, त्याची प्रत दोन ठिकाणी आहे, सर्व्हिस बदलली तरी पत्ता माझाच राहतो. फक्त डोमेनचं रिन्यूअल विसरायचं नाही.

बघतं कोण? थोडे लोक. त्यातल्या एकानं लिहिलं होतं की त्याला दिसत नाही, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकतो, आणि माझ्या चित्रांच्या जागी त्याला नुसती फाईलची नावं ऐकू येतात. त्या आठवड्यात मी सगळ्या चित्रांना वर्णनं लिहिली. 'पावसात उभी बाई' असं लिहून थांबले, मग परत चित्राकडे बघितलं आणि लिहिलं, 'छत्री मिटलेली, बाई भिजतेय आणि तिला घाई नाहीये.' चित्र माझंच, पण छत्री मिटलेली आहे हे मी विसरले होते.

आत्ता बारावा हात काढून झालाय, म्हाताऱ्या माणसाचा, काठीवर टेकलेला. सुईदोऱ्याच्या शेजारी ठेवला तर तो फार जड वाटतो, उशीवरच्या हातानंतर ठेवला तर वेगळंच काहीतरी सांगायला लागतो. कालपासून चार वेळा हलवलाय.